लोखंड, स्टील की ॲल्युमिनियम? पाटी करायला टाकण्याआधी

या वेळी दारावरच्या, गेटवरच्या आणि शेताच्या वाटेवरच्या धातूच्या पाट्यांचे प्रश्न घेतोय. बरेचसे प्रश्न "कुठला धातू घेऊ" इथूनच सुरू होतात, आणि माझी अडचण अशी की उत्तर धातूपासून सुरूच करता येत नाही. पाटी कोण वाचणार, किती लांबून, चालत की गाडीतून, आणि पाऊस पडला की तिच्यावरचं पाणी कुठून खाली जाणार, एवढं कळलं की धातू निम्मा ठरून जातो. डिझाइन त्याच्यानंतर. आपण करतो नेमकं उलटं, मोबाईलवर एखादा फोटो आवडतो, त्याचा स्क्रीनशॉट घेऊन फॅब्रिकेटरकडे जातो आणि म्हणतो "अस्संच पाहिजे". तोही बिचारा करून देतो.

प्रश्न: दाराशी नावाची पाटी करायची आहे. दुकानदार म्हणतो एसएस, म्हणजे स्टेनलेस स्टील घ्या, आयुष्यभर बघायला नको. पण आमच्या शेजारच्यांच्या एसएसच्या पाटीवर पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी ठिपके आले. खरं काय समजायचं?

दोन्ही खरं आहे. स्टेनलेस म्हणजे अजिबात न गंजणारं असं नाही, उशिरा आणि कमी गंजणारं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, ते हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पृष्ठभागावर डोळ्याला न दिसणारा पातळ थर धरतं आणि ओरखडा आला तरी तो थर आपोआप भरून येतो. थर टिकला तर स्टील टिकलं, एवढंच गणित.

पाटीच्या कामात तीन ग्रेड तुमच्या कानावर येतील, 202, 304 आणि 316. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. 202 मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं, त्यामुळे ते स्वस्त पडतं, घराच्या आत ठीक आहे पण उघड्यावर लवकर डागाळतं. 316 मध्ये 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खारी हवा सोसायची ताकद त्यातून येते, म्हणून घर समुद्राजवळ असेल तर दुसरा विचार करू नका.

आणि ती चुंबकाची टेस्ट, म्हणजे चुंबक चिकटला नाही की स्टील चांगलं, ती इथे कामाची नाही. चुंबक 202 ला पण चिकटत नाही आणि 304 ला पण नाही. उलट चांगल्या 304 चा पत्रा वाकवला की बेंडवर चुंबक थोडासा ओढला जातो आणि लोक उगाच फॅब्रिकेटरशी भांडत बसतात. चुंबकाने पकडता येतं ते 430 सारखं स्टील. 202 आणि 304 मधला फरक बघायला रंग बदलणाऱ्या केमिकलचा थेंब टाकतात, स्टीलवाल्यांकडे ती बाटली असते, समोर टाकून दाखवायला सांगा आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या.

तुमच्या शेजाऱ्यांच्या पाटीचं दुखणं मात्र ग्रेडचं नसेलही. ज्या शेडमध्ये साध्या लोखंडाचं ग्राइंडिंग चालतं तिथेच एसएसची पाटी पडून असेल तर लोखंडाचे बारीक कण तिच्यावर रुतून बसतात, मग पाऊस लागला की ते कण गंजतात, खालचं स्टील नाही. असे डाग ठिपक्याठिपक्यांनी येतात. त्यावर कुणीतरी तारेची घासणी फिरवतं आणि अजून लोखंड चोळून ठेवतं. दुसरं कारण फरशी धुवायचं ॲसिड. नव्या घरात टाइल्सवरचं सिमेंट काढायला ते ओततात, त्याचे शिंतोडेच काय नुसती वाफ लागली तरी एसएस खराब होतं, त्यामुळे पाटी सगळी धुवाधुवी झाल्यावरच लावा. आलेले डाग साबणाचं पाणी आणि नायलॉनच्या स्क्रबरने निघतात का बघा, हट्टी असतील तर ऑक्झॅलिक ॲसिडवाला स्टीलचा क्लीनर, आणि घासायचं ते फिनिशच्या रेघा ज्या दिशेने आहेत त्याच दिशेने, गोल गोल नाही.

अजून एक, पाटीवरची प्लास्टिकची फिल्म बसवली त्याच दिवशी काढून टाका. नवी दिसावी म्हणून महिनोन् महिने ठेवतात, मग उन्हाने गोंद भाजतो आणि ती फिल्म नखानं नखानं सोलत बसावी लागते.

प्रश्न: आमचं शेतावरचं घर मेन रोडपासून आत आहे. वळणावर 2 फूट बाय 1 फूट बोर्ड लावलाय, दिसायला छान आहे, पण येणारा प्रत्येक जण पुढे निघून जातो आणि फोन करतो. अजून मोठा बोर्ड करू का?

बोर्ड नंतर मोठा करा, आधी अक्षर मोठं करा आणि मजकूर कमी करा. हिशोब बघा. ताशी 60 किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. ड्रायव्हरला पाटी दिसणार, मग वाचणार, मग "हेच ते" असं डोक्यात येणार, मग ब्रेकवर पाय जाणार, याला तीन सेकंद तरी धरा, म्हणजे तुमची पाटी 50 मीटरवरून वाचता आली पाहिजे. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी रोमन अक्षरांचा एक ढोबळ नियम आहे की 1 इंच उंचीचं अक्षर साधारण 30 फुटांवरून वाचता येतं. 50 मीटर म्हणजे 164 फूट, म्हणजे अक्षर झालं साडेपाच इंचाचं, 140 मिलिमीटर.

हे झालं इंग्रजी कॅपिटल अक्षरांचं. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरं असतात, तेव्हा साडेपाच इंच ही नुसत्या अक्षराच्या अंगाची उंची धरायची आणि ओळीला त्याच्या दीडपट तरी जागा सोडायची. म्हणजे तुमच्या 1 फूट उंच बोर्डावर अशी एकच ओळ बसते आणि 2 फूट रुंदीत पाच-सहा अक्षरं. बास. त्यावर जर घराचं नाव, घरातल्या सगळ्यांची नावं, डिग्र्या आणि कोपऱ्यात एक झाड असं बसवलं असेल तर लोक पुढे जाणारच, त्यांचा काय दोष. वळणावर फक्त घराचं नाव आणि बाण ठेवा, बाकीचं सगळं आतल्या गेटवर, तिथे माणूस गाडी थांबवून आरामात वाचतो.

बोर्ड कसा उभा केलाय तेही बघा. रस्त्याला समांतर असेल तर तो गाडीतून दिसतो तेव्हा वळण निघून गेलेलं असतं. रस्त्याला काटकोनात, दोन्ही बाजूंनी लिहिलेला आणि वळणाच्या थोडा अलीकडे असला पाहिजे. अर्थात आपल्याच हद्दीत, रस्त्याच्या जागेत रोवायचा तर आधी संबंधित खात्याला विचारावं लागतं. अक्षराच्या रेघेची जाडी उंचीच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकी ठेवा, बोरूने लिहिल्यासारखे नाजूक जाड-बारीक फॉन्ट दारावर शोभतात, रस्त्यावरून त्यांची बारीक रेघ गायब होते. रंगाचंही तेच. चकचकीत एसएसवर एसएसचीच अक्षरं म्हणजे दिवसा आभाळ दिसतं आणि रात्री गाडीचा लाइट डोळ्यावर येतो, नाव काही दिसत नाही.

रात्रीसाठी रेट्रोरिफ्लेक्टिव्ह शीट घ्या, आडवाटेच्या बोर्डाला तर माझ्या मते हवीच. त्यात काचेचे बारीक मणी किंवा प्रिझम असतात, ते उजेड जिकडून आला तिकडेच परत पाठवतात, म्हणून हेडलाइट पडला की ड्रायव्हरलाच पाटी उजळलेली दिसते, वीज लागत नाही की वायर. ही शीट सपाट ॲल्युमिनियमवर छान बसते. गडद हिरव्या किंवा निळ्या बॅकग्राउंडवर पांढरी अक्षरं करा.

आणि करायला टाकण्याआधी त्याच मापाची अक्षरं साध्या कागदावर प्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवा, तो पुठ्ठा वळणावर बांधा आणि स्वतः गाडी घेऊन लांबून या. नसेल वाचता येत तर कागद बदलायचाय, पत्रा नाही.

प्रश्न: गेटच्या पत्र्यातच घराचं नाव आरपार कापून घ्यायचंय म्हणजे संध्याकाळी मागून उजेड येईल. लेझर कटिंगवाला म्हणतो मराठीत नीट होत नाही, इंग्रजीत करा. खरंच होत नाही का?

होतं हो, छान होतं, पण फाईल बनवणाऱ्याला देवनागरी कळलेली पाहिजे, मशीनला काही फरक पडत नाही.

आरपार कापताना अक्षराच्या पोटात जो बंद तुकडा असतो तो सुटून खाली पडतो. इंग्रजीत ए, बी, डी, ओ अशा मोजक्या अक्षरांचं हे होतं. आपल्याकडे 'व', 'ब', 'क' तर आहेतच, पण शिरोरेषा डोक्यावरून जाते म्हणून 'प', 'म', 'य', 'ष' ही सुद्धा वरून बंद होतात. 'ध' आणि 'भ' सुटतात कारण त्यांची शिरोरेषा मध्ये तुटलेली असते. पहिल्या वेलांटीच्या कमानीखाली पण एक तुकडा अडकतो. म्हणून प्रत्येक बंद तुकड्याला बाकीच्या पत्र्याशी धरून ठेवणारी एक पट्टी सोडावी लागते, कटिंगवाले त्याला ब्रिज म्हणतात. 2 मिलिमीटर पत्र्याला 4-5 मिलिमीटरचा ब्रिज ठेवा, त्याच्यापेक्षा बारीक ठेवला तर गेट दोनदा जोरात आपटलं की वाकतो. ब्रिज कुठे द्यायचा हीच सगळी कारागिरी. 'व' ला जिथे गोल भाग उभ्या दांड्याला मिळतो तिथे दिला तर वाचताना खटकत नाही, गोलाच्या मधोमध दिला तर अक्षर फुटल्यासारखं दिसतं. काही जण शिरोरेषाच काढून टाकतात, 'प' आणि 'म' वरून मोकळे होतात आणि मॉडर्न पण दिसतं, फक्त लांबून वाचायला अवघड जातं, म्हणून गेटला चालेल, रस्त्याला नको. ब्रिज नकोच असतील तर मागे दुधी ॲक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेटची शीट लावून सुटलेले तुकडे त्यावर चिकटवतात, उजेडही सारखा पसरतो.

उलटा प्रकार म्हणजे अक्षरंच कापून भिंतीवर लावायची. तिथे देवनागरी इंग्रजीपेक्षा सोपी, शिरोरेषा अख्खा शब्द एकत्र धरते त्यामुळे एकेक अक्षर लेव्हलमध्ये बसवत बसावं लागत नाही. सुटतात ती टिंबं. 'आनंद' लिहिलं तर अनुस्वार वेगळा पडतो, विसर्गाचे दोन्ही ठिपके पडतात, 'ॐ' वरचा चंद्रबिंदू पडतो. टिंब खाली सरकवून शिरोरेषेला थोडंसं टेकवून घ्या किंवा त्याला मागून वेगळा स्टड, म्हणजे भिंतीत जाणारी छोटी दांडी लावा. टिंब विसरलेल्या पाट्या बघितल्यात मी.

आता फाईल. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेलं नाव दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की भलतीच चिन्हं दिसतात, म्हणून युनिकोडमध्ये टाइप करून अक्षरं कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्ट न लागणाऱ्या नुसत्या आकारांमध्ये बदलून मगच पाठवायची. आणि कर्व्ह केल्यावर सगळे तुकडे सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड करून एकसंध करून घ्यायचे. ही पायरी कटिंगवाले विसरतात. मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची आउटलाइन शेजारच्या अक्षराच्या शिरोरेषेवर थोडी चढलेली असते, स्क्रीनवर सगळं काळं भरलेलं असल्यामुळे ते कळत नाही, पण लेझर मात्र प्रत्येक आउटलाइन इमानदारीत कापतो आणि शब्दाचे तुकडे होऊन हातात येतात. बहुतेक "मराठीत होत नाही" चं मूळ हे आहे. फायनल ड्रॉइंग नुसतं रेघांमध्ये, रंग न भरता मागा आणि अक्षर अक्षर बोट ठेवून वाचा, जोडाक्षर सुटून हलन्त दिसतोय का, 'ल' आणि 'श' आपल्या वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, सगळं बघा. कापल्यावर बदलता येत नाही.

प्रश्न: एमएसच्या (माइल्ड स्टील, म्हणजे साध्या लोखंडाच्या) पाटीवर पावडर कोटिंग केलं होतं. मधला भाग नव्यासारखा आहे, पण अक्षरांच्या कडांनी कोटिंग उचकटून गंज बाहेर येतोय. कोटिंगवाल्याने फसवलं का?

फसवलं असेलच असं नाही. लेझरने साधं लोखंड कापताना बऱ्याचदा ऑक्सिजन वापरतात, आणि कापलेल्या कडेवर ऑक्साइडची कडक पापडी धरते. कोटिंग त्या पापडीला चिकटतं, पापडी लोखंडाला नीट चिकटलेली नसते, थोडे दिवस गेले की पापडी कोटिंगसकट निघते. म्हणून एकतर नायट्रोजनवर कापून घ्यायचं किंवा कोटिंगच्या आधी सगळ्या कडा घासून काढायच्या. शिवाय धारदार कडेवरून पावडर भट्टीत वितळताना मागे सरकते, थर तिथेच सगळ्यात पातळ राहतो. कडा सँडपेपरने थोड्या गोल केल्या तरी खूप फरक पडतो, आणि मुलांचे हात पण कापत नाहीत.

पावडर कोटिंगचा थर साधारण 60 ते 80 मायक्रॉनचा असतो आणि भट्टीत 180 ते 200 डिग्रीला पक्का होतो. बाहेरच्या पाटीला पॉलिएस्टर पावडरच हवी. इपॉक्सी पावडर चिकटायला जबरदस्त, पण उन्हात तिच्यावर खडूसारखी पूड धरते आणि रंग उडतो. पाऊस जास्त असेल तर खाली झिंकवाला प्रायमर आणि वर पॉलिएस्टर, असे दोन थर मागा. झिंक लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे ओरखडा आला तरी गंज तिथेच थांबायला मदत होते. खांबांना हॉट डिप गॅल्व्हनायझिंग उत्तम, ते 450 डिग्रीच्या आसपास वितळलेल्या झिंकमध्ये बुडवून करतात, पण पातळ पत्र्याची नक्षीदार पाटी त्यात बुडवू नका, तापून वाकडी होते. आणि बंद पाइप असेल तर आधी हवेची भोकं ठेवायला लागतात, आत अडकलेलं पाणी किंवा हवा तापून पाइप फुटू शकतो.

तुमच्या पाटीचं आता काय, तर नुसता टचअप मारून उपयोग नाही. कोटिंग पूर्ण काढून, कडा घासून, परत करून घ्या.

प्रश्न: मुद्दाम गंजलेल्या दिसणाऱ्या पाट्या आवडतात. साधा पत्रा उन्हापावसात ठेवून गंजवला तर चालेल ना?

दिसेल तसंच, टिकणार नाही. त्या फोटोंमध्ये असतं ते बहुतेक कॉर्टेन, म्हणजे वेदरिंग स्टील. अमेरिकेत 1930 च्या दशकात ते बाजारात आलं. त्यात थोडं तांबं, क्रोमियम, निकेल वगैरे असतं, त्यामुळे वरचा गंज घट्ट धरून बसतो आणि आत जायचा वेग कमी होतो. साध्या लोखंडाचा गंज पापुद्रे सुटत सुटत आत जात राहतो.

पण कॉर्टेनलाही ओलं व्हायला आणि मग पूर्ण सुकायला मिळालं पाहिजे. सतत ओल, वेलीखाली किंवा मातीत टेकलेली कडा, खारी हवा, यात तेही खातं. आणि सुरुवातीला त्यावरून तांबूस पाणी गळतं, म्हणजे पांढऱ्या भिंतीवर लावली की खाली ओघळ आलेच, ते सहजासहजी निघत नाहीत. भिंतीपासून लांब, खाली खडी टाकलेल्या जागेत उभी करा, तिथे तिच्यासारखी पाटी नाही. नुसता लुक हवा असेल तर ॲल्युमिनियमवर तशा रंगाचं टेक्स्चर पावडर कोटिंग मिळतं, जवळून कळतं, पण डोक्याला ताप नाही.

प्रश्न: फार्महाऊसच्या तोंडाशी 6 फूट बाय साडेतीन फूट बोर्ड दोन खांबांवर उभा करायचाय. वेल्डर म्हणतो बोर्ड जड करू, म्हणजे वाऱ्याने हलणार नाही. बरोबर आहे का?

नाही. वाऱ्याला वजनाशी देणंघेणं नाही, त्याला क्षेत्रफळ दिसतं. वाऱ्याचा दाब काढायचा सोपा हिशोब म्हणजे वेगाचा वर्ग गुणिले 0.6, वेग मीटर प्रति सेकंदात, उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये. तुमचा बोर्ड जवळजवळ 2 चौरस मीटरचा. ताशी 108 किलोमीटरचं वादळ म्हणजे सेकंदाला 30 मीटर, दाब झाला 540, दोन चौरस मीटरवर 1080 न्यूटन, म्हणजे साधारण 110 किलोचा धक्का आडवा, आणि सपाट पाटीला प्रत्यक्षात याहून थोडा जास्तच बसतो. वेग 40 मीटर झाला तर हाच आकडा 195 किलोच्या आसपास जातो, वेग एक तृतीयांशाने वाढला आणि जोर पावणेदोनपट झाला. आता बोर्डाचं वजन बघा, 2 मिलिमीटरच्या एमएस पत्र्याचे 2 चौरस मीटर म्हणजे 31 किलो, 3 मिलिमीटर ॲल्युमिनियमचे 16 किलो. जड करून काय साधणार? उलट वाऱ्याचा धक्का बोर्डाच्या मधोमध बसतो आणि तो मध्य जमिनीपासून जितका उंच तितका खांबाला बुंध्याशी वाकवणारा जोर जास्त, म्हणून पैसा पत्र्यात घालू नका, खांब आणि फाउंडेशनमध्ये घाला.

खांबाच्या एकूण लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत, काँक्रीटसकट, हे ढोबळ माप. काळी माती असेल, जी पाणी पिऊन फुगते आणि सुकली की भेगाळते, तर त्याहून खोल जा आणि एवढ्या बोर्डासाठी इंजिनिअरला एकदा दाखवाच. बोर्ड अख्खा बंद ठेवायच्या ऐवजी फ्रेममध्ये अक्षरं उघडी लावली की वारा आरपार जातो, शिडासारखा फुगवटा धरत नाही, मला स्वतःला मोठ्या बोर्डांना हाच प्रकार आवडतो.

आणि खांब कुठे सडतो ते माहीत असू द्या, वर नाही, बरोबर जमिनीच्या रेषेवर. काँक्रीट जमिनीच्या सपाटीला थांबवलं की खांबाभोवती पाणी साचतं, माती-पालापाचोळा अडकतो, आणि पाइप तिथेच कमरेतून तुटतो. काँक्रीट जमिनीच्या 3-4 इंच वर आणा आणि चारी बाजूंना उतार द्या. पाइपच्या तोंडाला टोपी वेल्ड करा, नाहीतर तो आतून पाण्याने भरतो. गुरं खांबाला अंग घासतात हे पण धरून चाला, पाटीची खालची कडा त्यांच्या डोळ्याच्या उंचीला येणार नाही असं बघा आणि कोपरे गोल ठेवा.

प्रश्न: पितळेची पाटी साध्या स्क्रूने लावली होती, स्क्रू गंजून पाटीवर काळपट-लाल ओघळ आलेत. स्क्रू बदलले की झालं ना?

बदला, पण परत लोखंडी लावू नका, मुलामा दिलेले पण नको. पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेले आणि वर पाणी, की विजेच्या सेलसारखी क्रिया चालू होते, त्यात लोखंड झिजतं, आणि पितळ मोठं आणि स्क्रू छोटा असल्यामुळे सगळा मार त्या बिचाऱ्या स्क्रूवर. पितळेला पितळेचे किंवा एसएसचे स्क्रू लावा. ॲल्युमिनियमच्या पाटीला एसएसचे स्क्रू चालतात, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. ॲल्युमिनियमच्या पाटीला तांब्या-पितळेचे स्क्रू कधीच नको.

मोठ्या पाटीला भोकं घट्ट ठेवू नका. 2 मीटर लांब ॲल्युमिनियम 40 डिग्रीच्या फरकाने जवळपास 2 मिलिमीटर वाढतं, जागा नसली तर मध्ये फुगतं. एका टोकाला भोक, बाकी लांबट खाचा. आणि पाटी भिंतीला चिकटवून लावायची नाही, मागे 15-20 मिलिमीटरचा स्पेसर ठेवा, पाणी निघून जातं, पाली-मुंग्या घर करत नाहीत असं म्हणणार नाही पण भिंत ओली राहत नाही, आणि अक्षरांची सावली पडून नाव उठून दिसतं. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकची असेल तर नेहमीचा प्लग धरत नाही, त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात ते मागा. भोक पाडायच्या आधी डोअरबेलची वायर कुठून गेलीय तेवढं विचारा घरात.

गेटवर लावणार असाल तर नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेले नट वापरा, रोजच्या आपटाआपटीने साधे नट सुटतात.

प्रश्न: पितळ चमकतं ठेवायला काय करू? आणि चोरीची भीती वाटते.

लॅकर, म्हणजे वार्निशसारखा पारदर्शक थर मारून घ्या, पण ते कायमचं नाही, कडेने सुटलं की पाटीवर ढगासारखे डाग दिसतात, मग सगळं काढून परत पॉलिश आणि परत लॅकर. पॉलिशने कोरीव अक्षरांतला रंग पण हळूहळू निघतो हे लक्षात ठेवा. रोजची कटकट नको असेल तर पितळ काळवंडू द्या, अक्षरं खोल कोरून त्यात रंग भरलेला असेल तर नाव वाचता येतंच.

चोरीचं म्हणाल तर तांबं-पितळ भंगारात चांगलं जातं, त्यामुळे आडवाटेच्या गेटवर ते लावूच नये या मताचा मी आहे. दाराशी, आतल्या बाजूला लावा. बाहेर लावायचंच तर मागून स्टड वेल्ड करून भिंतीच्या भोकात केमिकल अँकरच्या गोंदाने बसवतात, समोर स्क्रू दिसतच नाही.

प्रश्न: पाटीवर घरातल्या सगळ्यांची नावं आणि मोबाईल नंबर टाकावा का?

नंबर नको. कुणालाही फोटो काढून नेता येतो, आणि घर बंद आहे की नाही हे विचारायला नंबर आयता मिळतो. नावं तुमची इच्छा, आडनाव पुरतं. मी घराच्या किंवा गट नंबरला जास्त जागा देईन, कारण रात्री ॲम्ब्युलन्सवाला नाव शोधत नाही, नंबर शोधतो. अमेरिकेत घरं बांधायच्या तिथल्या एका मॉडेल कोडमध्ये, म्हणजे नमुना नियमावलीत, घराच्या नंबरचा आकडा किमान 4 इंच उंच आणि त्याची रेघ अर्धा इंच जाड असावी असं लिहिलेलं आहे, आपणही तेवढं माप धरायला हरकत नाही. नंबर वेगळ्या छोट्या प्लेटवर करा आणि ती स्क्रूने लावा, पुढे नंबर बदलला तर अख्खी पाटी परत करावी लागत नाही.